थंड भट्टी पेटवायची कुणी?

…आणि ती मेणबत्ती फुंकून त्यानं खिशात टाकली की! भर देवळात. पाद्रीबुवांनी पाठ फिरवायचा अवकाश. वर माझ्या कानात म्हणतो, "देवानं एकदा बघितली ना? मग तासभर काय बघत बसायचंय त्याला?" तीच मेणबत्ती पुढच्या रविवारी, तीच त्याच्या पुढच्या. काल इथवरच आलो होतो, तेवढ्यात जेवायची हाक आली.

तर हा राचो माझा शेजारी. मधे एक कुंपण. ते अर्थात मी घातलेलं. आमच्या गाब्रोवोच्या डोंगरात काटकसर कुणाला नवी नाही. इथलं पोर रांगायच्या आधी मूठ आवळायला शिकतं. पण राचोचा हात धरणारा कुणी नव्हता. धरलाच असता, तर तेवढ्या वेळात त्यानं आपला हातमोजा वाचवला असता.

लेकीच्या नावाचंच घ्या. ज्या संताचं नाव, त्या संताच्या दिवशी गाव न बोलावता घरी येतं आणि त्याला जेवू घालावं लागतं. दोनानं, म्हणजे राचोच्या बायकोनं, 'एलेना' नाव मनात धरलं होतं. राचोनं चर्चचं कॅलेंडर काढलं आणि दचकला. "मे महिन्यात? अगं, कोकरं कापावी लागतील!" मग कॅलेंडर उलटून उलटून पोरीचं नाव ठेवलं वारवारा. का, तर तिचा दिवस नाताळाआधीच्या उपवासात येतो. मांस नाही, चीज नाही, अंडं नाही. उकडलेला घेवडा आणि नमस्कार! संतीणही खूश, कोकरूही खूश.

आम्ही त्याला चिडवायचो, "राचो, एकाच लेकरावर थांबलास हे मात्र तुझं चुकलं. दुसरी झाली असती, तर पहिलीचे कपडे तिला झाले असते." तो गंभीरपणे मान हलवायचा. "सुचलं नाही रे वेळेवर."

ती वारवारा लग्नाची झाली. मुलगा खिंडीपलीकडचा, मोकळ्या हाताच्या लोकांतला. त्याला बघितलं की पोरीच्या हातून लोकरीचे टाके सुटायचे, म्हणजे पसंती होतीच. लग्न ठरलं शरदात. उपवास लागला की लग्नं बंद, आणि उपवास सुटेतो खिंडीत बर्फ. म्हणजे हा मुहूर्त हुकला की वसंत ऋतूपर्यंत नवरा तिकडं, नवरी इकडं.

आणि लग्न म्हटलं की राकिया आली. आंबवलेल्या आलुबुखारांची दारू, आपापली गाळलेली. गावात भट्टी एकच, सगळ्यांची मिळून. आता भट्टीची गंमत अशी, की जो पहिला पेटवतो त्याची लाकडं थंडगार तांब्याचा हंडा आणि थंडगार विटा तापवण्यातच जातात. गाडीभर लाकूड राख झालं, तरी नळीतून थेंब नाही. दुसऱ्याला मात्र सगळं आयतं तापलेलं मिळतं. म्हणून आमच्या गावात पहिला नंबर कुणी घेत नसे. दरवर्षी परगावाहून येऊन राहिलेला एक सुतार पेटवायचा. त्याला बिचाऱ्याला कुणी हे सांगितलंच नव्हतं. आणि नेमका त्या वर्षी तो मुलाकडं राहायला गेला.

झालं! घरोघरी पिंपांत आलुबुखार खदखदतायत आणि भट्टी थंड. रोज सकाळी माणसं फिरत फिरत तिकडं जायची, धुराड्याकडं बघायची आणि "बरं आहे, चाललंय" म्हणून परत यायची. भट्टीवाला मिंचो दारात पेंगत बसलेला. चुलाण्यात मांजरीनं पिल्लं घातली.

राचो निवांत. त्यानं वेगळंच योजलं होतं. लग्नाचं आवतण द्यायला मुलीचा बाप राकियाची लाकडी कुपी घेऊन घरोघरी जातो. यजमानानं एक घोट घ्यायचा आणि आपल्या घरची राकिया ओतून कुपी पुन्हा भरून द्यायची, अशी रीत. राचो दोनाला म्हणाला, "तळाशी पेलाभर घालून निघतो. लोक घोट घेतील लहान, ओततील मोठा. दोन फेऱ्यांत लग्नाची सोय! भट्टीचं मग बघू. तोवर कुणी तरी मूर्ख ती पेटवेलच."

पहिला माझ्याकडं आला. मी चांगला लांब घोट घेतला.

"आता भर," राचो म्हणाला.

"कशानं भरू? मागच्या साली थेंबभरच निघाली होती, ती कधीच संपली. यंदाची पिंपात आहे. भट्टी लागली की भरतो."

"मग पेटव की!"

"तू पेटव. लग्न तुझ्याकडं आहे."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी म्हातारीनं कुपी उलटी करून जिभेवर ठोकली आणि म्हणाली, "राचोबा, ही तर कोरडी! आवतण समजू की थट्टा?" कोरड्या कुपीचं आवतण ते आवतणच नव्हे. उरलेलं गाव तसंच राहिलं, आणि राचो कुपी कोटाखाली लपवून घरी आला.

कुंपण माझं होतं म्हटलं ना? त्यामुळं पलीकडचं ऐकायचा हक्कही माझाच.

"अहो, पाहुण्यांना काय व्हिनेगर पाजणार?" दोना कडाडली. "आणखी आठवडाभरात पिंपात तेच होणार आहे. खिंडीपलीकडची माणसं येतील आणि मांडवात आपण तिघंच!"

"पेटवेल गं कुणी तरी…"

"या गावात? इथं सूर्यसुद्धा शेजारच्या गावात आधी उगवला तरच उगवतो!"

मग वारवाराचा आवाज आला. अगदी शांत. "राहू द्या, बाबा. वसंतात करू. तोवर त्याचे मोजे तरी विणून होतील."

त्यावर राचोनं दिवा फुंकला, आणि मीही कुंपणाचा कान काढला.

सकाळी बायकोनं मला हलवून उठवलं. "अहो उठा, धूर!" धावत गेलो. मिंचो मांजरीची पिल्लं टोपीत घेऊन बाजूला उभा आणि राचो चुलाण्यात लाकडं सारतोय. तीही कुठली? त्याची ती वाळलेली, बीचच्या झाडाची! ती तो थंडीतसुद्धा जाळत नसे, नुसता त्यांच्याकडं बघून ऊब घ्यायचा. धूर दिसल्याबरोबर सगळं गाव पिंपं गडगडवत निघालं. दुसऱ्या नंबरासाठी ही ढकलाढकली! म्हातारी तर पिंपावर चढूनच बसली. जो तो हसतोय, राचोच्या पाठीवर थापा मारतोय. "पहिला! राचो पहिला!"

तांबं तापलं, नळीतून पहिला थेंब पडला. राचोनं तो बोटावर घेऊन चाटला, कुपी नळीखाली धरली आणि काठोकाठ भरली. आयुष्यात पहिल्यांदा.

मी म्हटलं, "राचो, तुला वेड लागलं का रे? उद्यापर्यंत थांबला असतास, तर कुणाचा तरी धीर सुटलाच असता!"

त्यानं बीचचं आणखी एक लाकूड आत सारलं, डोळ्यांतला धूर बाहीनं पुसला आणि म्हणाला, "मुलगी एकच आहे रे. दोन असत्या, तर दुसरीच्या लग्नापर्यंत थांबलो असतो आणि एका जाळात दोन्ही उरकली असती."