रपट्यावरची डहाळी

रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, रोज तासभर चालायचं, तेही चढावर. आमच्या गावाला चढ एकच, जंगलातून वर जाणारा पहाडीचा रस्ता. शेवटच्या बदलीत मी गडचिरोलीकडच्या या गावी आलो होतो. खरं सांगायचं तर साखरेपेक्षा माणसांचाच मला जास्त त्रास होता. दिवसभर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. सकाळचा तो एक तास तरी कोणाचा आवाज नको होता.

पण इथे नुसतं चालणारा माणूस कोणाला समजत नाही. पहिला आठवडाभर मोटारसायकली थांबत राहिल्या. "काऊन भाऊ, गाडी बंद पडली काय?" व्यायाम म्हटलं की दोघं एकमेकांकडे बघायचे. "बसा ना जी, सोडून देतो." एकाने तर घरी भांडण झालं काय, असंही हळूच विचारलं.

पहाडी कोणी एकट्याने चढत नाही. अस्वलं आहेत, वाघही फिरतो. नाल्यावरच्या रपट्यापाशी, म्हणजे त्या ठेंगण्या पुलापाशी थांबायचं, सोबत मिळाली की निघायचं. ज्याला पुढे जावंच लागतं, तो जांभळाची ताजी डहाळी तोडून रपट्यावर दगडाखाली ठेवतो. मागून येणारा ती पाहतो, पुढे आपलं माणूस आहे म्हणून धीराने चालतो आणि वळणावळणाला हाक देतो. मला हे सगळं ठाऊक होतं, तरी मी एकटाच जायचो.

मार्कंड्याची जत्रा आटोपली, मोहफुलं गळायला लागली आणि माझ्यामागे सोबत लागली. साठीची बाई, डोक्यावर रिकामी टोपली. दरवर्षी ती सुनेबरोबर फुलं वेचायला जायची, यंदा सून बाळंतीण होती.

"भाऊ, तुमच्या मांगं मांगं येतो जी. मले एकटीले भेव लागते."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मी मान हलवली आणि अडकलो. ती चालताना बोलायची. नातवाचं पोट, तळ्यातली मासोळी, सुनेचं माहेर. बोलणं संपलं की वळणावर "हो ओ ओ" करून ओरडायची. मी भरभर चालायला लागलो, तर ती अनवाणी पायांनी माझ्याच वेगाने मागे. तीन आठवडे मी हे सोसलं.

मग मी अक्कल पाजळली. एका सकाळी लवकर जाऊन रपट्यावर डहाळी ठेवली आणि घरी परत येऊन चहा पीत बसलो. मी पुढे गेलो असं समजून ती निघून जाईल, मागून आपण निवांत चालू, असा हिशेब. स्वतःवर मी चांगलाच खूश होतो.

अर्ध्या तासाने निघालो. तिसऱ्या वळणावर दूध नेणारे दोघे मोटारसायकल आडवी टाकून तिला उचलत होते. टोपली उतारावर गडगडत जाऊन झुडपात अडकली होती. अस्वलाने तिच्या चेहऱ्याची डावी बाजू ओरबाडली होती.

डावा डोळा गेला. आठ दिवसांनी दवाखान्यात गेलो, तर सून बाळाला घेऊन खाटेशी बसली होती. मला पाहताच बाई उठायला लागली.

"भाऊ, तुमी बरे हा ना? तुमाले त नाई लागलं?"

"मला?"

"वळणावर गुरगुर आयकू आली. रपट्यावर डहाळी त होती. मी मनलं, भाऊलेच धरलं अस्वलानं. मंग वरडत वरडत धावली."

मागे पळाली असती तर रपट्यापर्यंत सगळा उतारच होता. ती पुढे धावली होती, मला सोडवायला.

सांगायचं होतं. "मी बरा आहे, बाई," एवढंच म्हणालो.

"देव पावला," ती म्हणाली आणि परत आडवी झाली.

त्याला तीन वर्षं झाली. निवृत्त होऊनही मी इथेच राहिलो. लोकांना वाटतं, मला जंगलाची हवा मानवली. मोहाच्या दिवसांत मी रपट्यावर तिची वाट पाहतो आणि चढताना तिच्या डाव्या बाजूने चालतो. ती बोलते, मी ऐकतो. आज सांगायचं असं रोज ठरवतो, तेवढ्यात माथा येतो. मला माझी लाज वाटते, ती कमी झालेली नाही.

कधी मला उशीर होतो. मग ती सुनेबरोबर पुढे निघते आणि माझ्यासाठी रपट्यावर दगडाखाली जांभळाची डहाळी ठेवून जाते. पहिल्या वळणावर थांबून मी हाक देतो. आजवर एकदाही असं झालं नाही की वरून तिची ओ आली नाही.