नेहरू नगर चौकातला तीन रविवारांचा जाम

माझा धाकटा भाऊ सलग तीन रविवार जेवायला आला नाही. तिन्ही वेळा फोनवर एकच उत्तर : "दादा, चौकात जाम हाये म्हणून तुहाच मेसेज आला ना. कसा येऊ?"

तो दुर्गला पद्मनाभपुरात राहतो, आम्ही भिलाईला स्मृति नगरात. मधे नेहरू नगर चौक. मी रिटायर झालो आणि पोलाद प्लांटचं क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा आई माझ्याकडे आली, कारण आमचं घर तळमजल्यावर आणि तिच्या गुडघ्यांना जिना सोसत नाही. भाऊ त्या दिवशी, दर रविवारी जेवायला येईन, एवढंच म्हणाला. तेव्हापासून आईचा अख्खा आठवडा रविवारच्या पाटोडीच्या रश्श्याकडे तोंड करून बसलेला असतो.

मेसेजची करामत माझी. चौकात रस्त्याचं काम निघालं, तेव्हा मी मोबाइलमध्ये एक ॲप बसवलं. शहरातल्या खबरा देणारी दोन-तीन पानं आणि आमच्या कॉलनीचं पान त्याला वाचायला नेमून दिलं. मागच्या रविवारपासून कोणी 'नेहरू नगर चौक' आणि 'जाम' एकत्र लिहिलं असेल, तर रविवारी साडेदहाला घरच्या ग्रुपवर आपोआप सूचना जाणार. वर समाजसेवा म्हणून तीच सूचना कॉलनीच्या पानावरही पडेल अशी सोय केली. आयुष्यभर क्रेन चालवलेल्या माणसाला हे जमलं, याचा मला इतका अभिमान, की बायकोला मी ते दोनदा समजावलं. तिने दोन्ही वेळा कुकरची शिटी मोजली.

तिसऱ्या रविवारी आईने गेटवर छत्तीसगढी भाजीवाल्याला गाठलं.

"कुठून येऊन राहिला रे बाबू?"

"दुर्ग ले आवत हंव, दाई."

"चौकात जाम हे का?"

"नइ हे दाई, रस्ता खाली हे."

आई आत आली आणि माझ्या मोबाइलकडे बघून म्हणाली, "ठेलेवाला येते, आन् गाडीवाल्याले जाम?"

कोणाही शहाण्या माणसाला यावरून मोबाइलचा संशय आला असता. मला भावाचा आला. आई माझ्याकडे राहिली हे त्याच्या मनात सलतंय, आणि माझाच मेसेज तो बहाण्यासारखा वापरतोय! मी स्कूटर काढली. चौकात एक पोलीस सावलीला उभा राहून कान कोरत होता. पुरावा म्हणून मी रिकाम्या रस्त्याचा फोटो घेतला. मग आणखी एक, आडवा.

भाऊ व्हरांड्यात बसला होता. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, मांडीवर आईच्या गुडघ्यांसाठी आणलेली तेलाची बाटली.

"दादा, तू? जाम सुटला का?"

"कोनता जाम?" मी फोटो त्याच्या नाकासमोर धरला. "कावून नाही येत तू? आई माह्याकडं राहते म्हणून?"

त्याने बाटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "मले वाटलं, तुलेच मी नको. बरोबर माह्या निघाच्या टायमाले जाम येते. म्हटलं, दादा सीधा बोलत नाही, मशीनले बोलाले लावते."

तीन रविवार आम्ही दोघं एकमेकांवर पाळत ठेवून बसलो होतो, आणि तिकडे आईचा रस्सा थंड होत होता.

भाऊ भिलाई-३ च्या यार्डात, रेल्वेत आहे. कुठलीही सूचना आली की ती दिली कोणी, हे आधी बघायची त्याला सवय. "थांब," म्हणत त्याने मेसेजवर बोट दाबलं. खबर जिथून उचलली होती, ते कॉलनीचं पान उघडलं. सूचना देणाऱ्याचा फोटो होता : गॉगल लावलेला मी. मागच्या रविवारची सूचना काढली. पुन्हा गॉगल. त्याच्याही मागे, पहिल्या रविवारी सकाळी, कोणीतरी खरंच लिहिलेलं सापडलं, की चौकात ट्रेलर बंद पडलाय, जाम आहे. तो ट्रेलर त्याच दुपारी गेला असणार. पण माझं ॲप कॉलनीच्या पानावर सूचना टाकायचं आणि पुढच्या रविवारी तीच नवी खबर समजून वाचायचं, पुन्हा टाकायचं. एवढा मोठा ट्रेलर मी एकट्याने तीन रविवार अडवून धरला होता.

"पयला जाम तर खरा होता," भाऊ मोठ्या मनाने म्हणाला, आणि तेलाची बाटली घेऊन माझ्या मागे स्कूटरवर बसला.

आई गेटवरच उभी होती. "जाम होता का?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "होता आई. लय मोठा."

आईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत जाऊन तिने दोघांची ताटं घेतली, रस्सा वाढला, भावाच्या वाटीत दोन पाटोड्या जास्त टाकल्या.

"मंग काढला कोनं?"

"दादानं."

"हं," आई म्हणाली. "लावला बी त्यानंच असन."