बांधीत उतरलेल्या बाई

“मी काही जेवाले नाही आली,” असं म्हणत आमच्या सिस्टरबाई कुठल्याही घरात शिरत आणि थेट चुलीपाशी बैठक मारत. थोड्या वेळात त्यांच्यापुढे ताट यायचंच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण बाई जेवता जेवता सून कितव्या महिन्यात आहे, माहेरी कधी जाणार, सगळं काढून घेत.

लाखांदूरच्या सरकारी दवाखान्यात मी रक्त तपासायचो. गरोदर बाईला हिपॅटायटिस सी निघाला, की पुढे तिच्या बाळावर नजर ठेवणं हे बाईंचं काम. आईच्या रक्तातल्या खुणा बाळात दीडेक वर्ष रेंगाळतात, म्हणून साधी तपासणी त्यानंतरच खरी. तोवर पहिलटकरीण माहेरी बाळंत होऊन सासरी परतलेली असते आणि बाळ आमच्या हातून निसटतं. बाईंच्या हातून सहसा निसटत नसे.

दिघोरीकडची अशीच एक सून मात्र बाळ दीड वर्षाचं झालं तरी दडून बसली. सासूला आजार कळला तर आपल्याला कायमचं माहेरी धाडतील, ही तिची धास्ती. बाई पुढच्या दारी आल्या की ही मागच्या दाराने पसार. मी म्हटलं, जाऊ द्या, एखादं सुटायचंच. त्यावर बाई माझ्यावर डाफरल्या.

मग रोवणी लागली. बाई पदर खोचून धानाच्या बांधीत उतरल्या आणि तिच्या शेजारी पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावू लागल्या. त्यांची रांग वाकडी गेली, बाया हसत सुटल्या. त्या गलक्यात बाई हळूच म्हणाल्या, “तुह्या सासूले मी काही नाही सांगत. पण लेकराचं रक्त पाहू दे.”

“अन् निघालं तं?”

“तं औषध आहे. तुह्यासाठीही आहे. लपून काहून बसली?”

बाजाराच्या दिवशी ती लेकरू घेऊन आली. लेकराचं रक्त स्वच्छ निघालं. बाईंनी डोळे पुसले आणि लगेच विचारलं, आता आईच्या गोळ्या कधी सुरू करायच्या?

पुढे बाई निवृत्त होऊन आपल्या गावी गेल्या. त्यानंतर एकदा तीच सून दवाखान्यात आली. सोबत गरोदर नणंद, मागे सासू. तिने आधी बाईंना विचारलं. त्या आता नसतात, असं मी सांगितलं. मग नणंदेची बाही वर सारून, सासूच्या देखत, साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मले झालता तो आजार हिले तं नाही ना, पाहा.”

मी सुई उचलली. बाई तिथे हव्या होत्या.