हर्राटोल्याच्या उतारासाठी दिवा

तुमसर रोडला पॅसेंजरमध्ये बसले तेव्हा माझ्या पिशवीत दोन लुगडी, जवसाची चटणी आणि शकूचं पत्र होतं. शकू ही माझी धाकटी बहीण, भिलाईला दिलेली. गाडी हलली तसं ते पत्र मी तिसऱ्यांदा वाचलं. 'बाई, मंदा ऐकून नाही राहिली. तिले नर्सची नोकरी लागली, पण कुठं, तर राजहऱ्याकडच्या डोंगरात. रातच्या बाळंतपणाले सायकलनं डोंगर चढीन-उतरीन म्हणते. सोमवारी हजर व्हाचं आहे. तू ये आन तिले समजाव. तुह्यंच ऐकते थोडंफार.'

मंदा म्हणजे शकूची एकुलती एक पोरगी. तर मी समजवायला निघाले होते. तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती, आणि थंडी अशी की खिडकीची काच वर करायला कोणी तयार नव्हतं. डोंगरगढचा देवीचा डोंगर आला तसे डब्यातल्या बायांनी हात जोडले. मी मात्र तो डोंगर नीट पाहून घेतला. चढ किती, उतार किती. एरवी कशाला पाहिलं असतं?

दुर्ग सुटलं तेव्हा अंधार पडला होता आणि समोरचं आभाळ एकाएकी लाल झालं. मी ओरडलेच, "अरे, आग लागली!"

समोरचा म्हातारा हसला. "आगी नोहे दाई, स्लॅग ढारत हें." (आग नाही आई, लोखंड वितळलं की वर येते ती मळी ओतताहेत.)

भिलाईच्या पॉवरहाऊस स्टेशनवर मेहुणे, वामनराव, उभेच होते. कारखान्यात हेडक्लार्क, बोलणं कमी. "जय भीम बाई. चला, घरी लढाई चालू आहे." एवढंच बोलले आणि पिशवी घेतली.

लढाई खरंच चालू होती. सेक्टर दहातल्या त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात एक सायकल लावलेली होती, तिच्याकडे पाठ करून शकू कणीक मळत होती. सायकल नव्या धर्तीची. सरळ दांडा, जाडजूड टायर, टायरांना कणसाच्या दाण्यासारखे गुट्टे. मंदाने शिकता शिकता मिळालेल्या पैशातून घेतलेली.

"मोठीमाय, आप ही समझाओ न आईले!" मंदा मला पाहताच सुरू झाली. या पोरांचं असंच, अर्धं हिंदी, अर्धं आपलं. "रात्री गेली त काय होईल? वाघ खाईल काय मले?"

"वाघ नाही खात, खड्डा खाते!" शकू कणकेवर बुक्की मारून म्हणाली. "हातपाय मोडून पडली त कोण आहे तिथं पाहाले? बाई, सांग तिले."

मी पाणी प्यायले, पाय पुसले आणि विचारलं, "सायकलले दिवा कोणता लावणार?"

दोघी महिनाभर भांडत होत्या, पण दिवा कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. मग मीच ठरवलं. म्हटलं, शकू, आपण दिवा पाहू. मग तो डोंगर पाहू. त्या दिव्याच्या उजेडात पोरगी डोंगर उतरून आली तर जाईल, नाही आली तर नाही जाणार. मंदाने मान हलवली. शकूनेही हलवली, कारण तिला वाटलं, असा दिवा कुठं मिळतो!

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी सुपेल्याच्या बाजारात गेलो. काय ती गर्दी! रिक्षे, हातगाड्या, वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि या सगळ्याच्या मधोमध शांत बसलेली एक गाय. सायकलच्या दुकानदाराने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोन चलाही दाई, तैं?" (कोण चालवणार आई, तू?)

"हां, मैंच!" मी म्हटलं. "दुकान को एक चक्कर मारके दिखाऊं?"

मग तो खुलला. त्याने एकेक दिवा काढला. दोन सेलचा डबीसारखा एक होता, त्याचा उजेड दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतही धड जाईना. कार्बाइडचा एक होता, पाणी टाकलं की गॅस होऊन पेटणारा. त्याचा वास असा की मंदा म्हणाली, पेशंट आधी मलाच सलाईन लावतील. मग आला डायनामो. चाकाला टेकवायची ती बाटली असते ना, चाक फिरलं की वीज होते. पण मंदाच्या टायरच्या गुट्ट्यांवरून ती उड्या मारू लागली. दुकानदाराने पकडीने वाकवून ती टायरच्या सपाट बगलेला टेकवली, चाक गरकन फिरवलं, आणि दांड्यावरचा मोठा चकचकीत दिवा असा पेटला की मी डोळ्यावर पदर घेतला.

"हाच!" मंदा म्हणाली.

दुकानदार पत्र्याचा मोठा तीन सेलचा टॉर्चही दाखवत होता, पण त्याच्याकडे मंदाने पाहिलंही नाही. तो मी माझ्यासाठी घेतला. रब्बीत रात्री पाणी धरायला शेतात जावं लागतं.

संध्याकाळी वामनराव ड्यूटीवरून आले आणि आम्ही चौघं रुआबांध्याच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर दिव्याची परीक्षा घ्यायला गेलो. मंदा लांबून सुसाट आली. दिवा मोटारीसारखा. वामनराव म्हणाले, "वा, रस्त्यावरची सुई दिसते!" शकूचं तोंड उतरलं, कारण दिवा पास झाला होता. आभाळ मघापासून लाल होतंच. आम्ही खुशीत घरी येऊन झुणका-भाकर खाल्ली.

शनिवारी सकाळच्या बसने निघालो. वामनरावांना सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही तिघीच, आणि टपावर सायकल. बालोद सुटलं की हळूहळू सगळं तांबडं व्हायला लागतं. खाणीच्या ट्रकांची धूळ. झाडांची पानं तांबडी, कंडक्टरच्या भुवया तांबड्या, माझं पांढरं लुगडंही उतरेपर्यंत तांबडं. राजहऱ्याहून दुसरी खटारा बस, आणि मग दोन कोस पायी. साल आणि मोहाची झाडं, मधून वाळलेल्या पानांचा रस्ता. चालायला फार बरं वाटलं, हे शकूला मी सांगितलं नाही.

दवाखाना म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्या. वर डोंगरावर हर्राटोला नावाची वस्ती. या वस्तीतूनच रात्रीची बोलावणी येणार. दवाखान्याशेजारी सुकवारो राहायची, गावची जुनी सुईण. साठीची असेल, दोन्ही हातभर गोंदण. तिने आम्हाला बसवलं आणि गरम गरम चीला (तांदळाच्या पिठाचं घावन) आणि टमाटरची चटणी वाढली. मी चार खाल्ले. मग तिने सायकलभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "एखर चारा का हे?" (याला चारा काय घालायचा?)

मंदा हसत हसत सायकल ढकलत वर गेली. अंधार नीट पडला की तिने निघायचं, असं ठरलं. वाटेला पाच वळणं. प्रत्येक वळणावर खालून दिवा दिसणार होता.

अमावस्या जवळ आलेली. सूर्य गेला आणि अंधार असा पडला की शेजारी बसलेली शकू मला फक्त बांगड्यांवरून कळत होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भिलाईत आम्ही अंधारच पाहिला नव्हता! तिथं आभाळच पेटलेलं. दिवा लावला काय, न लावला काय, रस्त्यावरची सुई दिसणारच होती. मी खेड्यातली बाई, जन्म अंधारात गेला, आणि तरी मलाही ते सुचलं नाही.

पहिल्या वळणावर दिवा दिसला. दुसऱ्यावर दिसला, पण काजव्यासारखा. मोठा, बारीक, मोठा, बारीक. आणि मग गेला.

"बाई, दिवा गेला," शकू म्हणाली.

"झाडाआड असेल."

"गेला बाई! मंदाऽऽ! मंदेऽऽ!"

वर कुठंतरी कुत्री भुंकली. मी पिशवीतून टॉर्च काढला. सुकवारो काठी घेऊन पुढे झाली, शकूने माझा पदर मागून घट्ट धरला, आणि आम्ही तिघी म्हाताऱ्या तो चढ चढायला लागलो. शकूचा फक्त श्वास ऐकू येत होता. मला मनातून एकच वाटत होतं, दिव्याचं खूळ मी काढलं. पोरीला काही झालं तर या बहिणीला मी तोंड कोणतं दाखवू?

"ओऽऽ नरस बाईऽऽ!" सुकवारोने हाक दिली.

"इथं आहोऽऽ!" वरून आवाज आला.

तिसऱ्या वळणाच्या जरा वर मंदा एका दगडावर बसली होती, सायकल आडवी. तळहात खरचटला होता, बाकी सगळं जागच्या जागी. शकूने आधी तिचे हात चाचपले, मग पाय, मग एक चापट मारली आणि मग तिला छातीशी धरून रडली.

"ब्रेक दाबला की लाईट मरते, मोठीमाय," मंदा म्हणाली. आवाज एवढासा झाला होता. "ब्रेक सोडला त सायकल पळते. उजेड पाहिजे त पळा, आन थांबाचं असलं त अंधारात थांबा."

"झालं," शकू डोळे पुसत म्हणाली. "पाहिलं न? दिवा नापास. उद्याच्या गाडीनं घरी."

मंदाने सायकल उचलून उभी केली. ठरलं तसंच होतं ना.

उतरताना टॉर्च माझ्याच हातात होता. मी तो छातीशी धरून लांब उजेड टाकत होते आणि दर चार पावलांनी ठेचकाळत होते. सुकवारोने माझं मनगट धरून खाली दाबलं. "खाल्हे धर दाई, खाल्हे." (खाली धर.) टॉर्च गुडघ्याशी आला आणि वाट एकदम बदलली. एवढ्याशा खड्याचीही लांब सावली पडायला लागली. खड्डा तर काळ्या डबक्यासारखा दिसे. अगं बाई! आपणही कंदील गुडघ्याशीच धरतो की. डोक्याजवळ कोण धरतं?

मंदा मागून थबकली. "मोठीमाय, हे पाहा न. खालून गड्ढा दिसून राहिला."

"चाल," शकू म्हणाली.

"शकू," मी म्हटलं, "एक दिवस दे मले. उद्या सांजेपर्यंत."

ती चालता चालता म्हणाली, "एकच."

रविवारी सकाळी सुकवारोच्या अंगणात बसून आम्ही जुनी ट्यूब कापली. तिच्या पट्ट्यांनी टॉर्च पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या चिमट्याला, आसाच्या जरा वर, आवळून बांधला. तीनदा सुटला. चौथ्यांदा खाली नारळाच्या काथ्याची गादी घातली तेव्हा बसला. डायनामो ठेवला, सपाट सडकेसाठी. डोंगराला टॉर्च. सेलवरचा उजेड, ब्रेकशी त्याचं देणंघेणं नाही. वर चढताना तो सोडून हातात धरायचा, हे मंदानेच सुचवलं.

संध्याकाळी पुन्हा त्याच जागी बसलो. शकू बोटांवर मोजत होती. "एक." उजेड लहान होता, जमिनीला चिकटून सरकणारा. "दोन." तिसऱ्या वळणावर, तिथंच, तो थांबला. शकूचं बोट हवेतच राहिलं. तिने माझा दंड असा धरला की वळ उमटला.

पण उजेड गेला नाही. थांबला आणि तसाच राहिला, एका जागी, स्थिर.

"उभी राहिली ते," शकू हळूच म्हणाली. "उभी राहिली बाई, पण दिसून राहिली."

मग तो पुन्हा सरकायला लागला. चार. पाच. आणि अंगणात सायकलची घंटी वाजली. वाटेत दगड आला होता म्हणे, तो उतरून बाजूला केला.

शकू सुकवारोकडे वळली आणि आपल्या मोडक्या हिंदीत विचारू लागली, "यहां आटाचक्की कहां है? दूध कौन देता है? रात को दरवाजा अंदर से लगता है क्या?" मंदाने माझ्याकडे पाहिलं.

सोमवारी मंदा हजर झाली आणि आम्ही दोघी परत फिरलो. बसमध्ये शकू बालोदपर्यंत रडली आणि बालोदपासून दुर्गपर्यंत घोरली.

दुसऱ्या दिवशी ती मला गाडीवर सोडायला आली. गाडीला वेळ होता. चहाचा कप हातात धरून तिने विचारलं, "बाई, खरं सांग. तुले समजवाले बोलावलं होतं मी. तू तिच्या बाजूनं कावून झाली?"

मी तिला सांगितलं. शकू जन्मायच्या आधीची गोष्ट. आमच्या गावात नाल्यापलीकडे मोठ्या माणसांसाठी रात्रीचे वर्ग भरायचे, पोरीबाळींनाही बसू देत. मी बाबांच्या मागे लागले. बाबा वाईट नव्हते. म्हणाले, जायला हरकत नाही पोरी, पण अंधार असतो. त्यावर कोणी पुढे काही बोललं नाही. मीही नाही. मग वाण्याच्या पुड्यांचे कागद जोडून जोडून मी अक्षरं शिकले, त्यात बारा वर्षं गेली.

"आपल्या घरी तेव्हा दिवा नव्हता काय?" शकूने विचारलं.

"कंदील होता की," मी म्हटलं. "चांगला, काचेचा."

गाडी आली. शकूने पिशवी आत दिली, खिडकीच्या गजातून माझा हात धरला, आणि गाडी हलली तरी दहा पावलं तशीच चालत राहिली.

तुमसर रोडला उतरले तेव्हा दिवस मावळत होता. टॉर्च मंदाकडेच राहिला होता. घरापर्यंत पाऊण कोस, वाट ओळखीची, आणि मन इतकं हलकं की मी सावकाश, अगदी सावकाश चालत घरी आले.