गोल बाजारातली काडतुसांच्या अवजारांची पेटी

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता धूसर झाल्या आहेत, पण त्या पितळी अवजारांची घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. राज्य नवीन होतं, रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. रोज कोणाचा तरी दौरा, रोज बंदोबस्त. बस्तरकडच्या नक्षली हल्ल्यांच्या बातम्यांमुळे बारुदीचं नुसतं नाव निघालं तरी वरून फोन येत. मी तेव्हा ठाणेदार होतो.

एका दुपारी गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानदाराचा फोन आला. "साब, एक आदमी पुराना पीतल बदलने आया है. पेटी में बंदूक का सामान लग रहा है."

साध्या कपड्यांतले दोन शिपाई पाठवले. ते पेटीसकट माणूस घेऊन आले. पन्नाशीचा, रेल्वेच्या कार्यालयात नोकरीला, मूळचा विदर्भातला. पेटीत सांडशीसारखं एक पितळी अवजार, काही लोखंडी कड्या आणि दांड्याचं पितळी माप होतं. काडतुसं भरण्याची अवजारंही शस्त्र कायद्यात येतात. गुन्हा नोंदवला की अटक, आणि त्यामागोमाग त्याचं निलंबन ठरलेलं.

"पेटी कोणाची?"

"माही, साहेब. घरच्यायले काही माहीत नाही."

"कुठून आणली?"

"सदर बाजारातून. भंगारात भेटली."

मी ते अवजार पुढे धरलं. "हे काय आहे?"

"सांडशी असन."

स्वतः विकत घेणाऱ्याला वस्तूचं नाव माहीत नाही, हे मला पटेना. शिवाय गुन्हेगार सहसा हात झटकतो. हा सगळं स्वतःवर ओढून घेत होता.

पोलीस लाइनीतून राखीव निरीक्षकांना बोलावलं. शस्त्रागार त्यांच्याकडे होतं. त्यांनी वस्तू टेबलावर मांडल्या. सांडशी म्हणजे शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा. कड्या म्हणजे काडतुसाची जाडी तपासायचे गेज. आमच्या रायफलीचं काडतूस त्यांनी सगळ्यात लहान कडीतून सोडलं. ते कुठेही न अडकता खाली पडलं. कडीवर इंग्रजी फौजेचा बाणाचा शिक्का होता.

"ज्या बंदुकांसाठी हे बनलं, त्या आता संग्रहालयातच सापडतील," ते म्हणाले.

पण जुनं अवजार नव्या कामाला लागू शकतं. म्हणून मी ते बारूद मोजायचं पितळी माप नाकाजवळ नेलं. बारुदीचा मागमूस नव्हता. वास चहाचा होता, आणि तळाशी चहापत्तीचे कण चिकटलेले होते.

मी त्याच्या घरी माणूस पाठवणार, तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत ठाण्यात आली. मुलगा परतला नाही म्हणून ती दुकानात गेली होती, तिथं दुकानदाराकडून तिला कळलं होतं.

"पेटी माही हाय, साहेब! माह्या सासऱ्याची. कामठीच्या छावणीत बंदुकाचे मिस्त्री होते ते. नव्या घरात जागा नाही म्हणून मीच याले बदलाले धाडलं."

"मग हा स्वतःची का म्हणतो?"

ती मुलाकडे वळली. "काहून रे?"

त्यानं मान खाली घातली. "तुले इथं बसवून ठेवलं असतं, तर तुह्यानं सोसलं असतं का?"

 म्हातारीनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"आणि हे माप?" मी विचारलं.

"चाहापत्तीचं. दोन कपाले एक." ती अशा सहजतेनं बोलली की राखीव निरीक्षकांना हसू आवरेना.

घराची झडती, शेजाऱ्यांचे जबाब, तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय, सगळं रीतसर केलं. संशयास्पद काही निघालं नाही. वरिष्ठांच्या परवानगीनं आणि म्हातारीच्या संमतीनं पेटी संग्रहालयात गेली. मुलाची नोकरी शाबूत राहिली. ठाण्याच्या पायऱ्या उतरताना ती त्याला रागावत होती आणि त्याचाच हात धरून चालत होती.

नाकबूल करणाऱ्याकडून खरं कसं काढायचं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. कबुलीवरही संशय घ्यायला मी त्या दुपारी शिकलो. त्यानंतर कोणी फार लवकर गुन्हा कबूल करू लागला, की मी पेन खाली ठेवायचो, त्याला पाणी द्यायचो आणि आधी एवढंच विचारायचो, "घरी कोण कोण असतं?"