सत्काराची शाल
कपाट उघडलं की त्या शालीचा डांबरगोळ्यांचा वास येतो आणि लालबागच्या आमच्या चाळीची जंगलफेरी आठवते. झाडांत फिरल्याने रक्तदाब उतरतो, असं मंडळाच्या अध्यक्षांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून एका रविवारी चाळीतल्या सगळ्या ज्येष्ठांना बसने बोरिवलीच्या जंगलात नेलं. फाटकाशी टेबल मांडून प्रत्येकाचा रक्तदाब मोजला, ओल्या पाचोळ्यातून दोन तास हिंडवलं आणि परत मोजला. सगळ्यांत जास्त उतरला तो माझ्या वडिलांचा. ते सकाळी रक्तदाबाची गोळी घेऊन आले होते का, हे कुणी विचारलं नाही; घेऊनच आले होते. तिथेच शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार झाला आणि अध्यक्षांचं भाषण फिरण्यापेक्षा लांबलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी गोळी घेतली नाही. आई म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी बंद करू नका म्हटलंय ना?" "सत्कार घेतलाय मी," वडील म्हणाले, "आता गॅलरीतून कुणी गोळी खाताना बघितलं तर तोंड कसं दाखवू?" मी हसून सोडून दिलं. दोन महिन्यांनी त्यांची उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. अध्यक्ष भेटायला खोलीवर आले, तेव्हा वडिलांनी डाव्या हाताने उशाजवळची गोळ्यांची पट्टी चाचपली आणि अंगावरच्या त्या शालीखाली सरकवली. "परत झाडांत नेऊ तुम्हाला, काका," अध्यक्ष म्हणाले. वडिलांनी मान डोलावली. हल्ली तीच गोळी मलाही चालू आहे. चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. मी तेवढ्यापुरतं लावून घेतो.