हजार वॅटचा हीटर

गणित घेऊन कोणी गेलं की काकू आधी त्याच्या हातातलं पेन काढून घ्यायच्या आणि स्वतःच्या अंबाड्यात खोचायच्या. "आधी अंदाज सांग. आकडा कुठे पळून जात नाही."

आम्ही नोएडाच्या नव्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा रस्ते कच्चे होते, पण घरोघर कलर टीव्ही, फ्रिज आणि त्यांच्या जोडीला स्टॅबिलायझर आले होते. काकू आमच्या वरच्या मजल्यावर. नवरा परदेशी कंपनीत, मूलबाळ नाही, शिकवायची हौस दांडगी. मी शाळेत फिजिक्स शिकवणारी, रीतसर पगारी. तरी सोसायटीतली पोरं माझ्या दारावरून जिना चढून वर जायची. अशा शेजारणी तुम्हीही पाहिल्या असतील. राग करावा तर कारण सापडत नाही, आणि वैताग येतो तो त्याचाच.

माझी दहावीतली मुलगी तेवढी माझ्याकडे शिकायची. थंडीतल्या एका संध्याकाळी मी तिला आमच्याच हीटरचं गणित घातलं. दोनशे तीस व्होल्ट, हजार वॅट. करंट आणि रेझिस्टन्स काढ. तिनं काढलं. चार पूर्णांक पस्तीस अँपिअर, त्रेपन्न ओहम.

"पण मम्मी, मग पाय गरम का नाही होत?"

"उत्तर बरोबर आहे ना? पुढचं घे."

तिनं हीटर उचलला आणि सरळ वर गेली. तो परत आणायच्या निमित्तानं मागोमाग मीही गेले आणि दारातच थांबले.

काकूंकडे प्लायवूडचा एक बोर्ड होता. त्यावर प्लग लावायची जागा आणि दोन मीटर, एक व्होल्टेजचा, एक करंटचा. पेन अंबाड्यात गेलेलं होतं.

"किती वॅट देत असेल गं?"

"नऊशे?"

"बघू या."

काटे एकशे ऐंशी व्होल्ट आणि तीन पूर्णांक चार अँपिअरवर थांबले. "आता भाग दे." त्रेपन्न ओहम. "आता गुणाकार कर." सहाशे बारा वॅट.

"रेझिस्टन्स तोच, पॉवर गायब," मुलगी हसायलाच लागली. "संध्याकाळी सगळे हीटर लावतात, म्हणून व्होल्टेज पडतं ना, काकू?"

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर जास्त जळफळाट झाला. माझ्यासमोर बसून ती कधी अशी हसत शिकली नव्हती.

त्यानंतर ती वरच असायची. मी थालीपीठ लावून वाट बघावी, तर ही काकूंकडची खिचडी खाऊन यायची. "चांगलंच आहे की, फुकटची ट्यूशन," असं आमचे हे म्हणाले, तेव्हा मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. काकू जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "तुमची लेक हुशार आहे हो." त्यातलं 'तुमची' तेवढं बरं वाटायचं.

मग काकूंच्या नवऱ्याची बंगलोरला बदली झाली. सामानाचा ट्रक निघाला त्या सकाळी मुलगी बाल्कनीत उभी राहून रडत होती. मला आत कुठेतरी हायसं वाटत होतं, ते लपवत मी म्हटलं, "अगं, मी आहे ना शिकवायला."

"शिकायचं नाहीये मला, मम्मी. मला काकू हव्यात."

आणि ती माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. खरं सांगते, मला त्या रडण्याचाही हेवा वाटला.